घरातली छोटी रेल्वे: काय तयार घ्यायचं, काय हाताने बांधायचं

कसारा घाटाची चढण ३७ ला १ आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की एक मीटर वर चढते. टक्क्यांत मांडलं तर २.७ टक्के. एवढ्या चढाला नाशिककडे येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात. घरात टेबलावर मॉडेल रेल्वे उभारणाऱ्या जाणत्या माणसाला विचारा, रुळांना चढ किती द्यावा? तोही हेच सांगेल: अडीच-तीन टक्क्यांच्या वर जाऊ नका, इंजिनाची चाकं जागीच फिरत राहतील. धातूचं चाक आणि गुळगुळीत रूळ यांची पकड मुळातच कमी, ती मोठ्या गाडीत कमी तशी छोट्या गाडीतही कमी.

हा हिशोब थोडा पुढे नेला की नवशिक्याचं एक मोठं स्वप्न कागदावरच तपासून होतं. एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा, तर नेहमीच्या एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, खालच्या गाडीला साधारण सात सेंटीमीटर उंची मोकळी लागते. २.७ टक्क्यांनी सात सेंटीमीटर चढायला अडीच मीटरहून जास्त सरळ उतार हवा, आणि तोही फक्त एका बाजूला. आठ बाय चार फुटांचा प्लायवुडचा अख्खा पत्रा २.४ मीटर लांब असतो. म्हणून पहिल्या मांडणीत घाट, पूल आणि बोगद्याची भर नको. सपाट जमिनीवर, छोट्या जागेत, नीट चालणारी रेल्वे उभी राहिली की पुढचं सगळं सुचतं. नीट न चालणारी मोठी रेल्वे मात्र चार महिन्यांत माळ्यावर जाते.

स्केल वेगळं, गेज वेगळं

खरेदीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. स्केल म्हणजे खरी वस्तू किती पट लहान केली ते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ: स्केल १:८७, गेज १६.५ मिलिमीटर. त्याच्याहून लहान एन: १:१६० आणि ९ मिलिमीटर. ब्रिटिश मॉडेल्स बहुतेक ओओ मापाची असतात. त्यांचं स्केल १:७६, पण रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटरचे. त्यामुळे ओओ इंजिन एचओच्या रुळावर बिनतक्रार धावतं, मात्र एचओ डब्यांशेजारी उभं केलं की जरा जास्तच धिप्पाड दिसतं.

आपल्या ब्रॉडगेजचं माप १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ येतात. बाजारात मिळणारे रूळ १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेले आहेत. म्हणजे एचओमधली भारतीय गाडी तिच्या खऱ्या प्रमाणापेक्षा पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळावर चालते. काही चिकाटीचे लोक स्वतः रुंद रूळ घालतात. सुरुवात करणाऱ्याने तो विचारही करू नये. बाजूने पाहताना हा फरक डोळ्यात भरत नाही, आणि तयार रूळ आणि सांधे (एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी वळवणारे जोड) सोडून दिले तर कामच पुढे सरकत नाही.

याच हिशोबातून नाशिककरांसाठी एक छान गोष्ट निघते. १८८९ साली मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम सुरू झाली होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे तिचे सल्लागार अभियंता. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली तेच हे. दोन डबे, ओढायला चार घोडे, आणि गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ. एन गेजचे रूळ ९ मिलिमीटरचे! म्हणजे एचओ मापाच्या देखाव्यात एनचा रूळ टाकला की नाशिकच्या ट्रामचा रस्ता जवळजवळ अचूक मापात तयार. कधीतरी कुणीतरी हे करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

किती जागेत काय मावतं

आजच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटर लांब. एचओमध्ये तो २७ सेंटीमीटर होतो. असे बावीस डबे म्हणजे सहा मीटर, दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवाय वळण. अनुभवी मंडळींचा एक ठोकताळा आहे: वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी. २७ ची तिप्पट ८१ सेंटीमीटर. वर्तुळ पुरं करायचं तर एक मीटर साठ सेंटीमीटरहून जास्त रुंदी. प्लायवुडचा पत्रा १२२ सेंटीमीटर रुंद. म्हणजे एका पत्र्यावर एलएचबी डब्यांची एक्सप्रेस एचओमध्ये फिरवायची, तर कोपऱ्यावर डब्याची टोकं रुळाबाहेर लोंबणार आणि मधला भाग आत शिरणार. चालेल कदाचित, पण बघवणार नाही.

आता मालगाडी घ्या. कोळशाची बॉक्सएन वाघीण पावणेअकरा मीटरच्या आसपास, एचओमध्ये १२.३ सेंटीमीटर. तिची तिप्पट ३७ सेंटीमीटर. तयार मिळणाऱ्या ४३.८ सेंटीमीटर त्रिज्येच्या रुळावर ती आरामात वळते. आठ वाघिणी मिळून एक मीटरही भरत नाही, आणि तरी डोळ्यांना ती पुरती मालगाडी वाटते. प्रवासी गाडीचे चार डबे मात्र नेहमी तुटके दिसतात. लहान जागेत मालगाडीच घ्या, असं मी ठासून सांगेन.

आणि मालगाडी म्हटली की गोल फिरवण्याचीही गरज उरत नाही. ब्रिटिश मॉडेलकारांमध्ये इंगलनूक नावाची एक मांडणी फार वर्षं लोकप्रिय आहे. भिंतीलगतची एक फळी, दोन सांधे आणि तीन साइडिंग, म्हणजे पुढे बंद होणारे बाजूचे रूळ. एका साइडिंगवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन. पुढच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमाने त्यांची गाडी लावायची. पाच वाघिणींचे असे ६,७२० वेगवेगळे क्रम होतात, त्यामुळे खेळ संपत नाही. एचओमध्ये बॉक्सएनच्या मापाने हे सगळं दीड मीटरच्या थोडं वर बसतं, म्हणजे सहा फूट लांब आणि एक फूट रुंद फळी पुरे. अख्ख्या प्लायवुडमधून तेवढी पट्टी कापून आणायची.

या फळीचा मालधक्का करा. नाशिकरोडचा मालधक्का आपल्याला नावानिशी माहीत आहे. लासलगावचा कांदा, एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा कोळसा, ओढ्याचं लहानसं स्टेशन, हे सगळं याच लाइनवरचं. आता माल अख्ख्या रेकने जातो, पन्नासच्या वर वाघिणी एका दमात. सुट्या वाघिणी पुढेमागे करायचा काळ जुना. म्हणून मांडणी चार दशकं मागे नेली तर ती जास्त खरी वाटेल: लाल-तपकिरी बंद वाघिणी, एक डिझेल इंजिन, कौलारू गोदाम. जुनं डब्ल्यूडीएम-२ इंजिन १७.१२ मीटर लांब, एचओमध्ये वीस सेंटीमीटरच्या आत, तेही फळीला साजेसं.

घरात मूल असेल तर त्याला गाडी गोल फिरताना पाहायची असते, आणि ते रास्तच आहे. तेव्हा एन माप घ्यावं. चार बाय दोन फुटांच्या फळीवर एनचा लंबगोल सहज बसतो, आणि एलएचबी डबा तिथे फक्त पावणेपंधरा सेंटीमीटरचा होतो. फक्त फार लहान मुलाच्या हाती एनचं मॉडेल देऊ नये. एवढ्याशा चाकांना रुळावर बसवताना मोठ्यांचीही परीक्षा असते.

फळी, रूळ, वीज

फळीसाठी नऊ ते बारा मिलिमीटरचं पाण्याला टिकणारं प्लाय आणि खाली दोन बाय एक इंचाची लाकडी चौकट, दर दीड फुटावर आडवी पट्टी. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतं, पण नाशिकच्या पावसाळ्यात ओल खाऊन फुगतं, आणि एकदा फुगलेलं परत बसत नाही. वर तीन मिलिमीटरचा कॉर्क चिकटवला की गाडीचा खडखडाट कमी होतो. रूळ निकेल सिल्व्हरचे बघून घ्या; तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू, चांदीचा त्यात अंशही नसतो. पितळेपेक्षा तो वीज नीट पोचवत राहतो. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात चाळिशीला टेकतो. तेवढ्या फरकाने सहा फुटांचा रूळ जवळजवळ एक मिलिमीटर लांबतो, म्हणून थंडीत काम करत असाल तर जोडांमध्ये नखाएवढी फट सोडा.

विजेचा साधा प्रकार असा: रुळांतून जास्तीत जास्त बारा व्होल्ट डीसी जातो. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण उलटवले की गाडी उलटी जाते. फळीच्या मांडणीला एक कंट्रोलर आणि दोन तारा पुरतात. तारा इंजिनाच्या मोकळ्या रुळाकडून जोडल्या की सांधा ज्या साइडिंगकडे वळलेला असेल तिकडेच वीज जाते. एक सापळा मात्र माहीत असावा. रूळ वळून उलट दिशेने परत स्वतःलाच येऊन मिळाला, की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. अशा वळशाला वेगळं वायरिंग लागतं.

दुसरी पद्धत डीसीसी. त्यात रुळांत वीज सतत असते आणि प्रत्येक इंजिनातल्या डीकोडर नावाच्या चिपला त्याच्या क्रमांकाने हुकूम जातो. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. कधीकाळी बँकर लावून घाट चढवायचा असेल तर तिथे डीसीसीच हवी. फळीला तिची गरज नाही. पण इंजिन घेताना आत डीकोडरचं सॉकेट आहे ना, एवढं विचारून ठेवा.

तयार की किट

आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं सरळ आहे: जे स्वतःच्या ताकदीने धावतं ते तयार घ्या, जे जागचं हलत नाही ते हाताने बांधा, आणि जे नुसतं ओढलं जातं, म्हणजे वाघिणी, तिथे किटपासून, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचापासून, शिकायला सुरुवात करा.

इंजिन तयार का? कारण त्यात मोटार, गिअर, वीज उचलणारी चाकं आणि वजन यांचा मेळ बसावा लागतो. वाफेच्या इंजिनाचं पितळी किट घेतलं तर दोन्ही बाजूंच्या चाकांचे क्रँक एकमेकांशी बरोबर नव्वद अंशात बसवावे लागतात. एका धुरीवर जरा चूक झाली की दांडे अडकतात आणि इंजिन लंगडत चालतं. हे काम करणारे आहेत, त्यांना दंडवत. पण पहिलंच काम ते नसावं. तयार इंजिन घेताना शक्य असेल तर चालवून पाहा. अगदी हळू, चाकं मोजता येतील इतक्या हळू, न अडखळता चालतं का? सगळी चाकं वीज उचलतात का? मालधक्क्यावर वेगाचं काहीच काम नाही, हळू चालणं हेच इंजिनाचं खरं कसब. घरी आणल्यावर बिनओझ्याचं अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा, मग वाघिणी लावा. जुनं विकत घेत असाल तर मेर्क्लिनच्या एचओ इंजिनाबद्दल सावध असा: ते रुळांच्या मधोमध असलेल्या टिंबांवरून एसी वीज घेतं, आपल्या दोन रुळांच्या डीसी मांडणीवर चालत नाही.

भारतीय इंजिनं आणि डबे मॉडेलच्या रूपात मोजकेच निघतात आणि लहान लहान खेपांत संपतात. परदेशी मालावर पोस्ट आणि आयात शुल्क चढतं. त्यामुळे एक चांगलं इंजिन आणि बाकी सगळं किट, हा मार्ग खिशालाही बरा.

वाघिणीचं किट उघडलं की प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले भाग दिसतात. पहिलं काम, ती चौकट भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवायची. साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. भाग कधी हाताने तोडू नये. बारीक पकडीने थोडं अंतर सोडून कापायचा आणि उरलेलं टोक कानशीने घासायचं. चिकटवायला पॉलिस्टायरिनचं पातळ सिमेंट घ्या. ते दोन्ही भाग किंचित विरघळवून एकजीव करतं. फेविक्विकने पारदर्शक भागांवर पांढरी वाफ धरते, ती निघत नाही. चार बाजू जोडताना काटकोन तपासा, सपाट काचेवर ठेवून.

मग चाकं, आणि इथे किटची वाघीण तरते किंवा बुडते. वाघिणीखालच्या दोन बोगींपैकी (बोगी म्हणजे इथे चाकांचा फिरता सांगाडा) एकीचा स्क्रू एवढाच घट्ट करा की ती फक्त डावी-उजवीकडे फिरेल. दुसरीचा सैल ठेवा, म्हणजे ती फिरेलही आणि बाजूंना किंचित डुलेलही. अशी वाघीण तीन पायांच्या तिवईसारखी कुठल्याही खडबडीत रुळावर चारी बाजूंनी टेकून चालते. दोन्ही बोगी घट्ट केल्या की एक चाक हवेत राहतं आणि पहिल्याच सांध्यावर गाडी उतरते. यानंतर वजन. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची एचओसाठीची शिफारस अशी: मूळ २८ ग्रॅम, आणि लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. आपली १२.३ सेंटीमीटरची वाघीण त्या हिशोबाने ९५ ग्रॅमच्या जवळपास हवी. किटचं प्लास्टिक त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, म्हणून तळाला लोखंडी वॉशर चिकटवून भर घाला. स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा कामी येतो.

रंग एकदम जाड देऊ नका. आधी प्रायमर, मग दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा. आणि कोरी करकरीत वाघीण मालधक्क्यावर खोटी दिसते. कोळशाची काळी धूळ, कडांना गंज, दाराखाली सांडलेल्या धान्याची फिकट रेघ: पातळ रंगाचा हात फिरवून कापसाने पुसलं की हे सगळं जमतं. तयार वाघिणीवरही हे करता येतं, पण महागड्या मॉडेलवर ब्रश टेकवताना हात थरथरतो. स्वतः बांधलेलीवर थरथरत नाही. किटचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

इमारतींची तयार किटं बाजारात भरपूर, पण ती जर्मन गावांची नाहीतर इंग्लिश खेड्यांची. नाशिक जिल्ह्यातल्या लाइनवर काळ्या दगडाची, कौलारू, पुढे लाकडी पडवी असलेली बांधकामं हवीत, आणि ती पुठ्ठ्यातून उत्तम होतात. मंगलोरी कौल साधारण चाळीस सेंटीमीटर लांब, म्हणजे एचओमध्ये साडेचार मिलिमीटर. जाड कागदाच्या तेवढ्या रुंदीच्या पट्ट्या कापून, खालच्या कडेला बारीक कात्रे देऊन, एकावर एक चिकटवत वर जायचं. दगडासाठी पुठ्ठ्यावर बोथट पेन्सिलने सांधे दाबायचे आणि राखाडी-काळ्या दोन-तीन छटा एकमेकींत मिसळायच्या. फलाटाची उंची रुळापासून जास्तीत जास्त ८४ सेंटीमीटर असते, म्हणजे इथे साडेनऊ मिलिमीटर. विजेचे खांब लावणार असाल तर जपून: सरळ रुळावर खऱ्या दोन खांबांत ७२ मीटरपर्यंत अंतर असतं, म्हणजे एचओमध्ये ८३ सेंटीमीटर. सहा फुटांच्या फळीला तीन खांब झाले!

खडीसाठी बाहेर जायची गरज नाही, आपली जमीनच बेसॉल्टची. खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची, एचओमध्ये पाऊण मिलिमीटर. क्रशरची बारीक कच चहाच्या गाळणीतून चाळली की नेमकी मिळते. पण बेसॉल्टमध्ये लोहचुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे कण असतात, आणि ते इंजिनाच्या मोटारीत शिरले की मोटार खराब होते. म्हणून चाळलेली कच कागदावर पसरा, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं चुंबक तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवा, आणि जे चिकटेल ते टाकून द्या. उरलेली खडी स्लीपरांमध्ये ब्रशने पसरायची, पाण्याचा फवारा मारायचा, मग फेविकॉलमध्ये दुप्पट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं. साबणाशिवाय पाणी खडीवर मण्यांसारखं बसून राहतं आणि खाली उतरत नाही. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ गोंद अजिबात जाऊ देऊ नका.

पैसे घालण्याआधी एकदा पुण्याला जाऊन कोथरूडजवळचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहून या. तिथली मांडणी फार मोठी आहे, ती जशीच्या तशी घरी करायची नाही. पण कुठल्या मापाची गाडी आपल्या डोळ्यांना रुचते, हे फोटो बघून कळत नाही, गाडी समोरून गेल्यावर कळतं.

मांडणी उभी राहिली की रोजचा शत्रू धूळ. वापर नसेल तेव्हा फळीवर जुनी चादर घाला. गाडी अडखळायला लागली तर आधी रूळ आणि चाकं पाहा, मोटार नंतर. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं सुती फडकं रुळावरून फिरवा. पॉलिश पेपर मात्र लावू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी पटकन बसतो. फळी बाहेरच्या, पावसात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका, आणि जून-जुलैत आठवड्यातून एकदा तरी गाडी चालवा.